डोंगर कोणी केला, दरड कोणी पाडली?



भिवंडीच्या भोवती टेकड्यांच्या उतारावर ज्या कामगार-वस्त्या वसल्या आहेत, त्यांपैकी एका वस्तीत वर्षावासाच्या काळात ग्रंथवाचनासाठी मी जात असे. त्या वस्तीतील एका कुटुंबाने आदल्याच अशोक विजयादशमीला धम्मदीक्षा घेतली होती. देव्हाऱ्यातील टाक त्यांनी कामवारी नदीत सोडले, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या आणि घरात भगवान बुद्धांची व बाबासाहेबांची प्रतिमा लावली. पुढच्याच पावसाळ्यात, श्रावणातील एका रात्री, घरामागची टेकडी खचली. मागची भिंत आत पडली, दोन शेळ्या दगावल्या आणि चुलीशी बसलेल्या सुनेचा पाय मोडला.

दुसऱ्या दिवसापासून शेजाऱ्यांची कुजबूज सुरू झाली. “देव नदीत बुडवले, देवीने टेकडी अंगावर घातली.” ती कुजबूज घरातील म्हाताऱ्या सासूच्या मनात जाऊन बसली. ग्रंथवाचन संपल्यावर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “गुरुजी, खरं सांगा. देव नाही असं तुम्ही म्हणता. मग एवढे डोंगर केले कुणी? आन् केले त्यानंच पाडले नसतील कशावरून? वज्रेश्वरीला जाऊन पाया पडून येऊ का? सुनेचा पाय तरी सुधरंल.”

आजीच्या प्रश्नाला हसणे सोपे आहे. परंतु तो हसण्यावारी नेण्याजोगा प्रश्न नव्हे. ज्या घराने पिढ्यान् पिढ्यांचे दैवत सोडले आहे, त्या घराची परीक्षा सुखाच्या दिवसांत होत नाही, ती संकटाच्या रात्री होते. त्या रात्री मनात भीतीचे उत्तर आधी येते आणि विचाराचे उत्तर मागून येते. म्हणून या प्रश्नाचा ऊहापोह नीट, पायरीपायरीने करणे अगत्याचे आहे. आजीने खरे तर दोन प्रश्न एकत्र विचारले होते. डोंगर कोणी केला, हा एक. दरड कोणी पाडली, हा दुसरा. या दोहोंची गल्लत होते तेथेच भटशाहीचे दुकान उघडते.

प्रथम पहिला प्रश्न घेऊ.

मुंबईहून कसाऱ्याकडे लोकलने जाताना आसनगावच्या सुमारास माहुलीचा डोंगर दिसतो. पावसाळ्यानंतर त्याच्याकडे निरखून पाहा. एकावर एक फरशा रचाव्यात तसे त्याचे थर दिसतात. काळ्या कातळाचा उभा पट्टा, त्यावर झाडोऱ्याचा तिरका पट्टा, पुन्हा काळा कातळ. अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना नाशिकपासून साताऱ्यापर्यंत सह्याद्रीत सर्वत्र आढळते. ती कोणा गवंड्याने रचलेली नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. त्या काळी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून वितळलेला खडक, ज्याला लाव्हा म्हणतात, तो वाहून आला. तो पसरला, थिजला आणि त्याचा काळा पाषाण झाला. मग पुन्हा लाव्हा आला, पुन्हा थिजला. मधल्या काळात काही ठिकाणी तळी साचत, त्यांत गाळ बसे, जीव जगत. मुंबईत वरळी येथे अशा दोन थरांच्या मधल्या गाळात बेडकांचे अश्मावशेष सापडले आहेत. आजही महाराष्ट्र आणि शेजारच्या राज्यांतील मिळून सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश या पाषाणाने व्यापलेला आहे. आपल्या घराचा पाया, आपला जोता, आपला पाटा-वरवंटा हे सारे त्याच थिजलेल्या अग्नीचे तुकडे आहेत.

परंतु लाव्ह्याने पठार केले, डोंगर केला नाही. डोंगर उरला, तो बाकीचे झिजून गेल्यावर. हा मुद्दा नीट ध्यानात घ्यावा. उन्हाने कातळ तापतो, पावसाने निवतो, त्यात बारीक भेगा पडतात. भेगांत पाणी शिरते, मुळे शिरतात. पाण्यामुळे कातळाचे द्रव्यच हळूहळू बदलते आणि कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे त्याचे एकेक आवरण सुटू लागते. कातळाचा मुरूम होतो, मुरुमाची माती होते. आपल्या कोकणपट्टीत चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तो ही माती उचलतो आणि ओहोळातून नदीत, नदीतून खाडीत नेतो. तानसा, भातसा, उल्हास, कामवारी या नद्यांचे पावसाळ्यातील तांबडे पाणी पाहा. ते पाणी म्हणजे डोंगरच समुद्राकडे निघालेला असतो. भिवंडीच्या खाडीकाठचा चिखल, ज्यात खारफुटी उगवते, तो एके काळी सह्याद्रीचा माथा होता असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता या भूमीविषयी सांगितली जाणारी कथा तपासू. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला, नवी भूमी निर्माण केली आणि तिच्यावर ब्राह्मणांची वसाहत केली, असे सह्याद्रिखंडासारख्या पुराणग्रंथात आहे. ही कथा आपण लहानपणी कौतुकाने ऐकली. परंतु तिचा अर्थ काय होतो याचा विचार केला काय? जमीन ज्याने केली त्याने ती ज्यांना दिली, तेच तिचे मालक ठरले. मग या भूमीवर आधीपासून राबणारे आगरी, कोळी, वारली, कातकरी आणि गावकुसाबाहेरचे आपले पूर्वज कोण ठरले? उपरे ठरले. डोंगर-समुद्राची उत्पत्ती सांगण्याच्या निमित्ताने येथे मालकी हक्काचा कागदच लिहिला गेला आहे.

भूगर्भशास्त्र काय सांगते? हिंदुस्थानची भूमी मादागास्करपासून सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी अलग झाली. लाव्ह्याच्या काळानंतर सेशेल्स बेटांचा भूभागही तिच्यापासून तुटला. या तुटलेल्या काठावर उंच कडा तयार झाला. पश्चिमेकडे धावणाऱ्या आखूड आणि वेगवान नद्यांनी तो कडा कुरतडत कुरतडत पूर्वेकडे ढकलला. कडा मागे सरकत गेला आणि त्याच्या पायाशी जी सखल पट्टी मोकळी झाली, तेच कोकण. समुद्राची गोष्ट तर कथेच्या अगदी उलट आहे. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर हिमयुग असताना समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती. बर्फ वितळला तसा समुद्र वर चढला आणि नद्यांच्या दऱ्यांत शिरला. आपली खाडी ही अशी बुडालेली नदीची दरी आहे. म्हणजे समुद्र भिऊन मागे हटला नाही, तो आत आला. त्याला कोणी बोलावले नव्हते आणि कोणी अडविलेही नव्हते.

वज्रेश्वरीचेही तसेच. भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथे उन्हाळी आहेत, म्हणजे गरम पाण्याचे झरे. देवीने मारलेल्या राक्षसांच्या रक्तामुळे ते पाणी ऊन झाले, अशी समजूत आहे. वस्तुस्थिती अशी, की पावसाचे पाणी खडकातील खोल भेगांतून खाली उतरते. जमिनीच्या पोटात दर किलोमीटरला सुमारे 25 ते 30 अंश तापमान वाढत जाते. तेथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून वर येते. पालघरपासून रत्नागिरीपर्यंत कोकणात अशा झऱ्यांची रांगच आहे. आजीला मी एवढेच सांगितले, की गुडघे दुखत असतील तर त्या पाण्याने शेकायला खुशाल जा, गरम पाण्याचा गुण गरम पाण्याला आहे. परंतु क्षमा मागायला जाऊ नका, कारण तेथे क्षमा करणारे कोणी नाही आणि तुम्ही अपराधही केलेला नाही. पाण्याने पाप धुतले जात असेल तर मासे, बेडूक आणि कासवे सर्वांच्या आधी स्वर्गाला जातील, असे पुण्णिका थेरीने नदीत स्नान करणाऱ्या ब्राह्मणाला सुनावल्याची कथा थेरीगाथेत आहे. ती पुण्णिका पूर्वाश्रमी दासी होती, पाणी वाहणारी. आपल्या आया-बहिणींपैकीच ती एक होती.

धम्म या साऱ्याकडे कसा पाहतो? “बुद्ध आणि त्यांचा धम्म” या ग्रंथात बाबासाहेबांनी विश्वातील सुव्यवस्थेचा विचार केला आहे. ऋतू येतात आणि जातात, बीजातून झाड होते. ही व्यवस्था ऋतुनियम आणि बीजनियम यांनी चालते, ती चालविण्यास ईश्वराची गरज नाही, असे त्यांनी प्रतिपादिले. हेतू असेल तर फल होते, हेतू नाहीसा झाला तर फल नाहीसे होते, हाच प्रतीत्यसमुत्पाद. लाव्हा हेतू, कातळ फल. पाऊस हेतू, झीज फल. डोंगर कोणी केला, या प्रश्नातच चूक आहे. कोणी हा शब्द काढून कशाने हा शब्द घाला, म्हणजे उत्तराची वाट मोकळी होते.

कल्प किती दीर्घ असतो हे सांगताना तथागतांनी एक दृष्टांत दिला आहे. एक योजन लांब, रुंद आणि उंच असा अखंड शिळेचा पर्वत आहे. शंभर वर्षांतून एकदा एक माणूस येऊन त्यावरून काशीचे तलम वस्त्र फिरवतो. तो पर्वत झिजून संपेल, पण कल्प संपणार नाही. दृष्टांत काळाविषयी आहे, परंतु त्यात पर्वताविषयीही एक सत्य सांगितले गेले आहे. अचल म्हणून ज्याची ख्याती, तो पर्वतसुद्धा तलम वस्त्राच्या स्पर्शाने झिजतो. सर्व संस्कार अनित्य आहेत, यात डोंगरही आला.

येथे प्रामाणिकपणे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. महापरिनिब्बान सुत्तात भूकंपाची कारणे सांगताना पृथ्वी पाण्यावर, पाणी वायूवर आणि वायू आकाशात स्थित आहे असे वर्णन येते. ती त्या काळची समजूत होती आणि आज ती टिकत नाही. आपण ती शास्त्र म्हणून मिरवू नये आणि तिच्यात आधुनिक विज्ञान शोधण्याचा खटाटोपही करू नये. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असे कालामांना सांगणाऱ्या शास्त्याचे आपण अनुयायी आहोत. पुराणाला एक माप आणि सुत्ताला दुसरे, असे केले तर आपण देव बदलले, वृत्ती बदलली नाही असे होईल.

आता दुसरा प्रश्न. दरड कोणी पाडली?

15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. हजारो माणसे मेली. त्या वेळी गांधीजींनी, हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली शिक्षा आहे, असे विधान केले. रवींद्रनाथ टागोरांनी त्यास जाहीर हरकत घेतली. भौतिक आपत्तीचा संबंध नीतीशी जोडणे अविचाराचे आहे, असा त्यांचा आशय होता. एखाद्या वाचकाला वाटेल, की अस्पृश्यता पाप आहे एवढे तरी गांधीजी बोलले, मग त्यात वाईट काय? वाईट हे, की हा युक्तिवाद दुधारी असतो. भूकंपात सवर्ण मेला तसा अस्पृश्यही मेला आणि पाळण्यातले मूलही मेले. अस्पृश्यतेची शिक्षा अस्पृश्याला कशी? आणि आज जो म्हणतो की अस्पृश्यता पाळली म्हणून जमीन हादरली, त्याच्याच युक्तिवादाने दुसरा उद्या म्हणेल की अस्पृश्यता मोडली म्हणून जमीन हादरली. आजीच्या शेजाऱ्यांनी तेच म्हटले. देव सोडले म्हणून टेकडी पडली. हत्यार तेच, फक्त धार फिरवलेली.

जमीन का हादरते? हिंदुस्थानचा भूखंड आजही वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर या वेगाने उत्तरेकडे सरकतो आहे आणि आशियाला रेटतो आहे. त्या रेट्याने हिमालय उभा राहिला आणि त्याच रेट्याने तेथे भूकंप होतात. त्या रेट्याला ना जात कळते ना पुण्य. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, 151 माणसे मेली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले आणि 57 माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. ते ठाकर समाजाचे श्रद्धाळू लोक होते. त्यांनी कोणते देव नदीत सोडले होते? आणि कोणी म्हणेल की त्यांच्या पूर्वजन्मीचे संचित तसे होते, तर तेही धम्माला मान्य नाही. माणसाला जे जे भोगावे लागते ते सर्व पूर्वकर्माने, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे काय, असे सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना विचारले. तथागतांनी उत्तर दिले, की काही वेदना पित्तामुळे होतात, काही कफ-वातामुळे, काही ऋतूच्या बदलामुळे, काही आघातामुळे, म्हणून तसे म्हणणे चूक आहे. बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत कठोरपणे नाकारला, तो याच विवेकाने. दुःखितालाच दोषी ठरविणारे तत्त्वज्ञान हे जुलमी माणसाच्या फार सोयीचे असते.

मग दरड कशाने पडली? आम्ही चार-पाच जण आजीच्या मुलाला बरोबर घेऊन घरामागे गेलो आणि पाहिले. खाली पक्का कातळ होता, त्यावर पुरुषभर उंचीचा मुरूम आणि माती. पावसाचे पाणी मुरुमातून खाली जाते, कातळापाशी अडते आणि कातळावरून वाहू लागते. मुरूम पाणी पिऊन जड होतो आणि खालची पकड ओली होऊन सुटते. तरीही उताराचा पाया शाबूत असेल तर तो पुष्कळ वेळा टिकतो. येथे पाया शाबूत नव्हता. टिकावाचे घाव स्पष्ट दिसत होते. मुलगा खाली मान घालून म्हणाला, “उन्हाळ्यात मीच खणला, गुरुजी. मोरी करायची होती. चार फूट जागा मिळाली.”

काही वेळ कोणी बोलले नाही. देवीवरचा आळ दूर झाला होता, परंतु तो आता त्या पोराच्या डोक्यावर येऊन बसला होता. त्याच्या बायकोचा पाय त्याच्याच टिकावाने मोडला, असे आता वस्ती म्हणणार होती. विज्ञानाने एवढेच केले काय? देवाच्या जागी एका गरिबाला आरोपी उभे केले काय?

येथेच धम्म नुसत्या विज्ञानाच्या पुढे एक पाऊल जातो. ऋतुनियम आणि बीजनियम यांच्या जोडीला बाबासाहेबांनी मानवी समाजाची नैतिक व्यवस्था सांगितली आहे. ती कम्मनियमाने चालते. आणि कम्म म्हणजे काय? चेतना हेच कम्म, असे तथागतांनी सांगितले आहे. टिकाव मारताना त्या मुलाची चेतना कोणती होती? घरातील बाईमाणसाला आडोशाला न्हाता यावे, एवढीच. त्यात द्वेष नव्हता, लोभही नव्हता. होती ती अविद्या. उताराचा पाया काढला तर काय होते हे त्याला ठाऊक नव्हते. अविद्येवर शिक्षा हा उपाय नव्हे, विद्या हा उपाय आहे. परंतु आता त्याला ठाऊक झाले आहे. यापुढे तो पुन्हा खणेल तर ती चेतना निराळी असेल आणि तिची जबाबदारीही निराळी असेल.

आणि त्याच्या टिकावाच्या मागे आणखी हात आहेत, तेही पाहिले पाहिजेत. यंत्रमागावर बारा बारा तास उभा राहणारा माणूस टेकडीच्या उतारावर घर का बांधतो? त्याला डोंगराची हौस आहे म्हणून नव्हे. सपाट जमीन त्याच्या हाती येत नाही म्हणून. भिवंडी परिसरात जेथे भाताची शेते होती तेथे भराव घालून गोदामे उभी राहिली. पाणी जिरायची जागा गेली, वाहायची वाट अरुंद झाली. ज्या मुरुमाने हे भराव झाले तो कोठल्या ना कोठल्या टेकडीचाच. उतारावरची जागा धोक्याची आहे हे जाणून जो ती गरिबाला पैसे घेऊन देतो, त्याची चेतना तपासा. वर वस्ती, खाली वस्ती, मध्ये गटार नाही, हे वर्षानुवर्षे पाहून जो डोळे मिटतो, त्याची चेतना तपासा. तेथे अविद्या नाही, तेथे लोभ आहे आणि उपेक्षा आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. तो पाऊस ऋतुनियम होता. पण त्या पावसात कोणाचे घर बुडाले आणि कोणाचे कोरडे राहिले, याचा हिशेब मांडायला बसलात तर नुसता ऋतुनियम पुरत नाही.

म्हणून धम्मबांधवांनो, दोन चुका टाळावयास हव्यात. पहिली चूक, निसर्गाच्या कृतीला कोणाची तरी इच्छा समजणे. त्यातून देवीचा कोप, नवस, बकरे आणि भीती निर्माण होते. दुसरी चूक अधिक घातक आहे. ती म्हणजे माणसाच्या कृतीला निसर्ग समजणे. चातुर्वर्ण्य हे सृष्टीसारखेच ईश्वरनिर्मित आहे, जात डोंगरासारखी मुळातच आहे, ती कोणी केली नाही आणि कोणाला हलविता येणार नाही, असे आपल्याला हजारो वर्षे सांगण्यात आले. खरी स्थिती नेमकी उलटी आहे. डोंगराला कर्ता नाही आणि जातीला कर्ता आहे. डोंगर झिजायला कोट्यवधी वर्षे लागतात, कारण त्याच्यापाशी चेतना नाही. जात मात्र माणसाच्या चेतनेने उभी राहिली, म्हणून ती माणसाच्या चेतनेनेच मोडता येते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखो माणसांनी एका दिवसात जे ओझे खाली ठेवले, ते डोंगराएवढेच जुने आणि जड वाटत होते.

एक शंका उरते. सर्वच अनित्य आहे, डोंगरही झिजणारच आहेत, तर तो आज खणला काय आणि उद्या झिजला काय? ही शंका विचारणारा अनित्यतेचा अर्थ चुकीचा घेतो. माणूसही मरणारच आहे, म्हणून त्याला मारणे निर्दोष ठरत नाही. पहिले शील आपण घेतो ते जीव अनित्य असूनही घेतो, किंबहुना अनित्य आहे म्हणूनच त्याची काळजी घेतो. डोंगर हा स्वतः प्राणी नव्हे, परंतु त्याच्या उतारावर आणि पायथ्याशी प्राणी राहतात. ज्याला घडायला कोट्यवधी वर्षे लागली ते दहा-वीस वर्षांत डंपरमध्ये भरून नेणाऱ्याने खालच्या माणसांकडून न दिलेले घेतले आहे, हे दुसऱ्या शीलाच्या दृष्टीने पाहावे.

आपले धम्मपूर्वजही डोंगर कोरीत होते. भिवंडीजवळ लोनाडच्या टेकडीत बौद्ध लेणे आहे. बोरिवलीच्या पलीकडे कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. तेथे जाल तेव्हा मूर्तींबरोबर कातळात कोरलेल्या पन्हळी आणि पाण्याच्या पोढीही पाहा. वरून येणारे पावसाचे पाणी कोठून येते, कोठे वळवावे, कोठे साठवावे, हे त्या भिक्खूंनी आणि कारागिरांनी कातळ वाचून ठरविले होते. त्यांनी डोंगराला नवस केला नाही आणि डोंगराचा पायाही काढला नाही. त्यांनी डोंगर समजून घेतला.

आपणही तेच करावे. घराच्या मागचा उतार खणू नये. वरून येणाऱ्या पाण्याला घराला वळसा घालून जाणारी चर काढावी. उतारावर भेगा दिसल्या, विजेचे खांब किंवा झाडे कलू लागली, दारे-खिडक्या अचानक अडकू लागल्या, उतारातून गढूळ पाणी झिरपू लागले, तर रात्र असली तरी घर सोडावे आणि शेजाऱ्याला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, हाक मारावी. आणि वस्तीने एकत्र येऊन गटारासाठी, संरक्षक भिंतीसाठी, सुरक्षित जागेसाठी अर्ज करावा, पाठपुरावा करावा, गरज पडली तर मोर्चा न्यावा. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हा बाबासाहेबांचा आदेश दरडीलाही लागू आहे.

आजी वज्रेश्वरीला गेली नाही. सुनेचा पाय सरकारी दवाखान्यात प्लॅस्टर घालून बसला, थोडी लंगड राहिली. मुलाने मोरीची जागा बुजवून दगड रचले आणि वस्तीतील बारा घरांनी मिळून टेकडीच्या वरच्या अंगाने चर काढली. ज्या शेजाऱ्यांनी देवीचा कोप म्हटले होते, त्यांचीही घरे त्या चरीच्या खाली होती. त्यांतील दोघे फावडे घेऊन आले. गटारासाठी केलेला अर्ज मात्र अजून फिरतोच आहे आणि वस्ती त्याच्यामागे फिरते आहे.

पुढच्या पौर्णिमेला आजी मला म्हणाली, “गुरुजी, देवीचं भ्या गेलं. आता पावसाचं भ्या वाटतं.” मी म्हटले, “आजी, ते भय असू द्या. देवीच्या भयाने हात जोडले जातात, पावसाच्या भयाने चर काढली जाते.” ती हसली आणि वंदनेला जाऊन बसली.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.